लेकरू घरी आणलंस

आमच्या चर्चमध्ये नाताळच्या आधीच्या रविवारी उपकारस्तुती असते. सरत्या वर्षात देवानं जे दिलं त्याबद्दल ज्याला वाटेल त्यानं उठावं, दोन शब्द बोलावेत आणि बसावं. कुणी मुलीला नोकरी लागली म्हणून बोलतं, कुणी मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं म्हणून. शेती असलेली माणसं उसाची मोळी, बाजरीची कणसं, गुळाची ढेप आणून वेदीपाशी ठेवतात. त्या दिवशी सगळ्या चर्चला उसाच्या पाल्याचा वास येतो. माझी आई दर वर्षी खिडकीकडच्या बाकावर बसायची आणि कधीच उठायची नाही. भाऊ गेल्यापासून तिनं चारचौघांत देवाचे उपकार मानलेले मी ऐकले नव्हते. मंडळीतल्या जुन्या लोकांना ते ठाऊक होतं. साक्ष द्यायची वेळ आली की तिच्या बाकाकडे कुणी वळून बघायचं नाही.

भाऊ माझ्याहून मोठा. आम्ही तेव्हा इंदापूरला राहायचो. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, वडील शाळेत शिक्षक. भाऊ बारामतीला एमआयडीसीत नोकरीला लागला होता, तिथंच एका खोलीत राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी मोटारसायकलवर घरी यायचा. उंच, काळासावळा, बोलायला कमी. पण गाण्यात खालचा सूर धरायला त्याच्यासारखा आवाज आमच्या मंडळीत दुसरा नव्हता. तो नसला की गाणं पोकळ वाटतं, असं वडील म्हणायचे.

त्या डिसेंबरातही तो शनिवारचा निघाला. साखर कारखाने सुरू होते, रस्त्यावर उसाचे ट्रेलर होते. मागं दिवा नाही, चमकपट्टी नाही, असा एखादा ट्रेलर अंधारात नुसता भिंतीसारखा पुढं येतो, हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. काय झालं ते कुणी पाहिलं नाही. रविवारी सकाळी सणसरच्या अलीकडं कालव्याच्या कडेला त्याची मोटारसायकल सापडली. तो नव्हता. कालवा भरून चालला होता.

दोन दिवसांनी हवालदार घरी आला. वडील आणि मी गेलो. आईनं चपला घातल्या होत्या, पण वडिलांनी तिला दारातच थांबवलं.

कालव्यातून शेताच्या चारीला पाणी सोडायचं एक लोखंडी दार असतं. त्या दाराच्या गजांत त्याचा पाय अडकला होता. रानात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला आलेल्या एका शेतकऱ्यानं त्याला पाहिलं आणि कुणाची वाट न बघता पाण्यात उतरून सोडवला. आम्ही पोचलो तेव्हा भाऊ काठावर होता आणि त्याच्या अंगावर एक घोंगडी होती. ज्याची घोंगडी तो माणूस थोडा लांब उभा होता, छातीपर्यंत भिजलेला, थंडीनं दात वाजत असलेला. वडिलांनी घोंगडी पायाकडून थोडी उचलली आणि लगेच खाली सोडली. पण तेवढ्यात मी पाहिलं होतं. घोट्याच्या वर लोखंडानं पार आतपर्यंत कापलं होतं.

परत येताना वडील एवढंच म्हणाले, "आईला पायाचं सांगायचं नाही."

का, ते मी विचारलं नाही. मलाही तेच सुचलं होतं. पाय अडकला तेव्हा तो जिवंत असेल तर? त्या थंड पाण्यात, अंधारात, पाय सोडवायला धडपडत असेल तर? हा विचार वडिलांच्या डोक्यात आला होता आणि माझ्याही, आणि तो आईच्या डोक्यात येऊ नये एवढीच आमची इच्छा होती. आई म्हणाली, "मी धुते त्याला. जन्मभर दुसऱ्यांची माणसं धुतली, माझं मी धुवीन." वडील नको म्हणाले. त्यांनी आणि पाळकांनी मिळून त्याला कपडे घातले, मोजे-बूट घातले, आणि पेटी घरात आणली ती फक्त चेहऱ्यापुरती उघडली. आईनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. मग बराच वेळ ती पेटीच्या बंद भागाकडे बघत राहिली. त्या वर्षी आमच्या घरी नाताळ झाला नाही.

पुढं वडील गेले. आई निवृत्त झाली. मला बारामतीत बँकेत नोकरी लागली, आणि आम्ही दोघी बारामतीलगतच्या जळोचीला वडिलांनी घेऊन ठेवलेल्या जागेवर लहानसं घर बांधून राहू लागलो, इथल्याच चर्चला जाऊ लागलो. मी लग्न केलं नाही. पायाची गोष्ट आमच्यात कधी निघाली नाही.

आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. डिसेंबर लागला, दिवस लवकर मावळायला लागले, की संध्याकाळच्या वेळी मला अंगणातून चालण्याचा आवाज येतो. एक पाऊल नीट पडतं, दुसरं घासत येतं. पायरीपर्यंत येतं आणि थांबतं. सुरुवातीला मी उठून बघायची. शेजाऱ्यांची गाय असायची, किंवा वाऱ्यानं पत्रा घासलेला असायचा, किंवा काहीच नसायचं. नंतर मी उठणं सोडलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज जरा मोठा करायचा, एवढं शिकले.

दोन-तीन वर्षांपूर्वी आई विसरायला लागली. आधी गॅस, मग दूधवाल्याचा चेहरा, मग आजचा वार. औषधांची नावं मात्र पाठ होती. अंगणात कुणी पोर पडलं तर धावत जाऊन त्याचा गुडघा अशा सफाईनं धुवायची की वाटायचं, हिला काहीच झालेलं नाही. पण डिसेंबर आला की तिचं वेगळं चालू व्हायचं. संध्याकाळी ती बंबात पाणी तापवायला लावायची. न्हाणीघरात बादली, साबण, धुतलेला टॉवेल ठेवायची आणि दार नुसतं लोटून घ्यायची.

"कुणाला गं पाणी?" मी पहिल्यांदा विचारलं.

"गारठून आलाय तो," ती म्हणाली. "आधी ऊन पाणी घेऊ दे. मग जेवायला वाढ."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की वाद घालू नका. मी वाद घातला नाही. सकाळी न्हाणीघरात गेले की टॉवेल ओला असायचा. आईनंच भिजवला असेल. दुसरं कोण भिजवणार? तरी तो टॉवेल मी बाकीच्या कपड्यांत न मिसळता वेगळा वाळत घालायची.

गेल्या नाताळच्या आधी आमच्या चर्चला नवीन पाळक आले. तरुण, उत्साही, लांबच्या जिल्ह्यातले. आमच्या मंडळीत कुणाचं काय झालंय हे त्यांना कळायला अजून वेळ होता. उपकारस्तुतीच्या दिवशी ते मोठ्यांदा म्हणाले, "ज्यांच्या मनात आहे त्यांनी संकोच करू नये. प्रभूनं जे केलं ते लपवून ठेवू नये."

दोन-तीन जण बोलले. आणि मग माझ्या शेजारून आई उठली.

मी तिचा पदर धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला. पुढच्या बाकाच्या पाठीवर हात टेकून ती सरळ उभी राहिली, वॉर्डात उभी राहायची तशी, आणि म्हणाली, "प्रभूनं माझं लेकरू घरी आणलं. पाण्यातून आणलं. त्याचे फार उपकार आहेत."

चर्चमध्ये एकदम शांतता झाली. ती शांतता कसली आहे हे पाळकांना समजलं नाही. त्यांचा चेहरा उजळला. "हालेलुया," ते म्हणाले. "आई, केवढी मोठी साक्ष दिलीत. दादा आलेत का आज? दादा, पुढं या. आपण सगळे मिळून देवाची स्तुती करू."

कुणी हललं नाही. कुणीतरी खोकलं. मी पुन्हा आईचा पदर ओढला. आईनं दाराकडे पाहिलं आणि अगदी सहज, जरा दिलगिरीनं म्हणाली, "येतोय. पायामुळं हळू चालतो. लोखंडानं कापलंय."

सगळे दाराकडे वळले. ज्यांनी तेव्हा इंदापूरला येऊन भावाला मातीत ठेवलं होतं, ज्यांनी स्वतःच्या हातानं मूठ मूठ माती टाकली होती, ती माणसंही वळली. मीही वळले. दार उघडं होतं. बाहेर ऊन होतं, पायरीवर चपला होत्या. तेवढंच.

आधी मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "आमेन." मग आणखी दोघा-तिघांचा. आई बसली. पाळक गोंधळून पुढच्या गीताचा क्रमांक सांगू लागले. माझं कशाकडेच लक्ष नव्हतं. लोखंडाचं आईला कुणी सांगितलं? वडिलांनी सांगणं शक्य नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. ज्या पाळकांनी बूट घातले ते तर वडिलांच्याही आधी गेले होते.

उपासनेनंतर पाळक आमच्यापाशी आले. त्यांना तोवर कुणीतरी बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यांचे डोळे भरले होते. "ताई, मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. आईनं त्यांचा हात हातात घेतला, मनगटावर बोटं ठेवली आणि म्हणाली, "ठोके जलद आहेत तुमचे. जरा बसा."

सोमवारी मी रजा घेतली. शेजारच्या वहिनींना आईजवळ बसवलं, केलेल्या फराळातल्या करंज्या आणि शंकरपाळ्या डब्यात भरल्या आणि एसटीनं सणसरला गेले. तो शेतकरी आता जिवंत आहे का हेही मला ठाऊक नव्हतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. फाट्यावरच्या चहावाल्याला म्हटलं, खूप वर्षांपूर्वी कालव्यातून एका मुलाला ज्यांनी बाहेर काढलं, ते कुठं राहतात? त्यानं पुढं काही न विचारता बोट दाखवलं. अशी माणसं गावाला ठाऊक असतात.

वस्ती कालव्याच्या जवळच होती. म्हातारा बाभळीखाली बाजेवर बसला होता. अंगावर बंडी, दाढी पांढरी झालेली, पण मी त्याला ओळखलं. त्यानं माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"सिस्टरची लेक ना तुमी?" तो म्हणाला.

"हो, आबा. तुम्ही कसं ओळखलं?"

"डबा बघून. बसा. कशी हाय त्यांची तब्येत? दोन-तीन सालं झाली, आल्या न्हाईत. म्या म्हनलं, गेल्या का काय."

"आई इथं यायची?"

"दर साली. नाताळाच्या आधी. सकाळच्या यष्टीनं यायच्या, दुपारच्या यष्टीनं जायच्या." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमास्नी ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. नाताळच्या आधी एक दिवस आई कुणाच्या तरी भेटीला म्हणून बाहेर जायची. जुनी मैत्रीण आहे म्हणायची. मी कधी खोलात गेले नव्हते.

आत चहाला सांगून आबा बोलू लागले. पोरगं गेलं त्याच्या पुढच्याच साली आई आली होती. तिनं आधी फराळ दिला, मग म्हणाली, जागा दाखवा. आबांनी तिला त्या लोखंडी दारापाशी नेलं.

"मला म्हनल्या, कसा घावला ते समदं सांगा. काय दडवू नगा, मी नर्स हाय. मग म्या सांगितलं. पाय गजात अडकला व्हता, कापला व्हता, समदं. तर त्या इचाराय लागल्या. कापल्याल्या जागी रगात साकळलं व्हतं का? भवतीनं सुजलं व्हतं का, काळंनिळं झालं व्हतं का?"

"तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगणार? जे बघितलं ते. न्हाई म्हनलं, बाई. पांढरं फट व्हतं, धुतल्यावानी. सूज न्हाई, काय न्हाई. मग म्हनल्या, म्हंजी पाय अडकायच्या आधीच तो गेल्याला व्हता. जित्या मानसाचं अंग कापलं तर रगात साकळतं, सुजतं."

मी उठून कालव्याच्या काठावर जाऊन बसले, आबाही मागोमाग आले. कालव्यातून पाणी चाललं होतं, वरून संथ, आत जोरात. इतकी वर्षं मी त्याला त्या पाण्यात जिवंत ठेवला होता. दर डिसेंबरात तो तिथं पाय ओढत होता, हाका मारत होता आणि मी भांड्यांचा आवाज मोठा करत होते. आईनं मात्र पुढच्याच वर्षी येऊन विचारलं होतं, आणि उत्तर घेऊन ती घरी गेली होती.

"रडली का ती?" मी विचारलं.

"न्हाई. हात जोडलं. मला वाटलं मलाच जोडत्यात. म्या म्हनलं, आवो बाई, मला कशापायी? तर म्हनल्या, तुमाला बी आन या लोखंडाला बी. ह्यो पाय अडकला नसता तर माझं लेकरू घरी आलं नसतं." आबांनी पाण्याच्या दिशेनं हात केला. "खरंच हाय ते. पाणी फुडं लई लांब जातं. कितीक जनं घावतच न्हाईत. त्यांच्या आयांनी काय करावं?"

चहा आला. मी प्यायले. डबा त्यांच्या सुनेनं रिकामा करून त्यात गूळ भरून दिला, कारण रिकामा डबा परत द्यायचा नसतो. निघताना मी आबांच्या पाया पडले. आमच्यात तशी रीत नाही, पण दुसरं काही सुचलं नाही. ते मागं सरकले. "सिस्टरना म्हनावं, म्या इचारलं," ते म्हणाले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई खिडकीत बसली होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि विचारलं, "आई, तू सणसरला जायचीस?"

ती दचकली. तिच्या डोळ्यांत क्षणभर अगदी जुनी, शहाणी नजर आली. तिनं आधी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुझ्या वडिलांना सांगू नको. त्यांना पायाचं ठाऊक नाही. सोसायचं नाही त्यांना."

मी मान हलवली. आम्ही तिच्यापासून जे लपवलं तेच ती आमच्यापासून लपवत होती. वडील त्या पायाच्या विचारात झुरून गेले. बाजूच्या खाटेवर झोपणाऱ्या बाईला ठाऊक होतं की पोराला वेदना झाल्या नव्हत्या. त्यांना जे ठाऊकच नाही ते कशाला सांगा, म्हणून तिनं सांगितलं नाही. प्रेमानंच गप्प राहिलो होतो सगळे. त्या गप्प राहण्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम अंगणाकडे कान लावून बसले. आवाज येणार नाही असं वाटलं होतं. आता खरं कळलं होतं ना. पण आला. एक पाऊल नीट, दुसरं घासत. मी उठले नाही आणि भांडीही वाजवली नाहीत. नुसती ऐकत राहिले. भीती कमी झाली होती का? थोडी. पूर्ण नाही.

नाताळच्या दिवशी चर्चहून आल्यावर मी मटण केलं, पोळ्या केल्या. पाळक येऊन केक देऊन गेले. दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो. मी तीन ताटं मांडली होती. आईनं सांगितलं म्हणून नाही, माझी मीच. तिनं तिसऱ्या ताटाकडे पाहिलं, समाधानानं हात जोडले आणि डोळे मिटून प्रार्थना करू लागली.

"प्रभू, लेकरू घरी आणलंस. वाहून जाऊ दिलं नाहीस. ज्याच्या हातून आणलंस त्याच्या घरादाराला सुखी ठेव. अन्नाबद्दल तुझे उपकार."

इतकी वर्षं ही प्रार्थना ती मनातल्या मनात म्हणत असेल. जेवताना तिचे ओठ हलायचे, मी फार लक्ष द्यायची नाही. आता तिला मोठ्यांदा कुठलं आणि मनात कुठलं हा फरक राहिला नव्हता, म्हणून मला ऐकू आलं.

"आमेन," मी म्हणाले. पहिल्यांदाच मनापासून म्हणाले.

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, त्याच्याबद्दल. मग तिच्या चेहऱ्यावर ओळख नसलेल्या माणसासमोर येतो तसा संकोच आला. तिनं पदर सारखा केला.

"तुम्ही कुठल्या वॉर्डातल्या?" तिनं विचारलं.

"मी... इथलीच," मी म्हणाले.

"सणाच्या दिवशी घरचं सोडून आलात. एवढं सगळं केलंत. आमची माणसं कमी आहेत हो." ती मऊ आवाजात म्हणाली, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायची तशी. "तुमचे फार उपकार झाले, बाई. आता तशाच जाऊ नका. जेवून जा."

मी बरं म्हणाले. ताटात वाढून घेतलं आणि तिच्या समोर बसले.